गोकर्णापलीकडचे रस्ता नसलेले किनारे: चालायला सुरुवात कुठून करावी?

मलप्रभेकाठची

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शाळेत शिकवते. आम्ही पाचजण गोकर्णला जायचं म्हणतोय. मी, माझी नणंद (ती महाराष्ट्रात चंदगडला दिली आहे), तिची दोन मुलं (एक नववीत, एक सहावीत) आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंचं वय ६१, पण रोज शेतावर जाऊन येतात, चालण्यात आम्हाला मागे टाकतात. त्यांना महाबळेश्वराचं दर्शन घ्यायचंच आहे.

माझ्या मनात दुसरंही आहे. कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज हे किनारे डोंगरावरून चालत करता येतात आणि शेवटच्या दोन ठिकाणी गाडीरस्ता पोचत नाही, असं कळलं. या मुलांनी समुद्र पाहिलाय तो गोव्यातला, तोही गर्दीच्या किनाऱ्यावर गाडीतून उतरून. त्यांनी एकदा तरी चढ चढून, घाम गाळून रिकाम्या वाळूवर उतरावं असं फार वाटतं.

विचारायचं ते असं. वाट पाच माणसांना, त्यातही सासूबाईंना झेपेल का? देवळाकडून निघायचं की दुसऱ्या टोकाकडून? भरती-ओहोटीचा हिशेब कसा धरायचा? आणि कारवारजवळ कुर्मगड नावाचं बेट आहे, तिथे नरसिंहाचं देऊळ आहे म्हणतात. जाता जाता तेही होईल का? सुट्टीची अडचण अशी की आमच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला आणि चंदगडच्या मुलांना दिवाळीला. म्हणून नाताळच्या आठवड्याचा विचार चाललाय. गाडी नाही, बसनेच जाणार.

सीबीटी_पहाटेची_गाडी

बसपुरतं सांगतो. बेळगावहून हुबळी गाठा, तिथून अंकोला-कुमठ्याकडच्या गाड्या मिळतात. यल्लापूर सोडलं की आरबैल घाट उतरून अंकोला, आणि अंकोल्याहून गोकर्णची लोकल बस. साध्या लाल गाडीने गेलात तर तुम्हाला आणि सासूबाईंना शक्ती योजनेत (कर्नाटकातल्या महिलांसाठी मोफत बसप्रवास) तिकीट काढावं लागत नाही. ११ जून २०२३ पासून ती योजना चालू आहे. आधार कार्डावर कर्नाटकचा पत्ता पाहिजे, मूळ कार्ड जवळ ठेवा, काही कंडक्टर मोबाइलवरचा फोटो मानत नाहीत. नणंदबाईंचा पत्ता चंदगडचा, म्हणजे त्यांचं तिकीट काढावं लागेल. स्लीपर, राजहंस असल्या गाड्यांना योजना लागू नाही. गोव्यावरून फिरून जायचं म्हटलं तर तिकडच्या प्रवासालाही नाही.

नंदगडकर

ताई, मी मूळचा नंदगडचा. नोकरीची बरीच वर्षं कुमठ्याला काढली आणि हा किनारा पायाखालचा आहे. अजूनही हिवाळ्यात भावकीतली पोरं घेऊन जातो. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. देवळाकडून निघू नका. बहुतेक लोक तसंच करतात, कारण मुक्काम गावात असतो. तुम्ही सकाळी लवकर रिक्षा करून थेट बेलेकानला उतरा. तदडीच्या रस्त्याने गेलं की बेलेकानच्या किनाऱ्यापर्यंत वाहन जातं. तिथून डोंगर ओलांडला की पॅराडाइज. मग हाफ मून, मग ओम, मग कुडले, शेवटी गोकर्ण. चालताना समुद्र कायम डाव्या हाताला राहील.

असं का सांगतो? रस्ता नसलेला सगळा भाग तुमच्या पहिल्या दोन-तीन तासांत येतो. ऊन चढलेलं नसतं, पाय ताजे असतात, बाटल्या भरलेल्या असतात. ओमला पोचलात की रस्ता आहे, रिक्षा आहेत, खायला-प्यायला मिळतं. कोणी दमलं तर ते माणूस ओमवरून रिक्षाने परत जाऊ शकतं आणि बाकीचे कुडलेवरून चालत येतात. उलट दिशेने गेलात तर दमलेली माणसं दुपारच्या उन्हात पॅराडाइजवर बसलेली आणि बाटल्या रिकाम्या. मग होडीवाला सांगेल ती किंमत द्यावी लागते.

एकूण अंतर फार नाही. थांबत, बसत, पाण्यात पाय बुडवत गेलं तरी चार-पाच तासांत आरामात होतं. सासूबाई रोज शेतावर जातात म्हणता, मग दमाची काळजी सोडा. काळजी फक्त पायातल्या वस्तूची. वाट जांभ्या दगडाची आहे. वरून खडबडीत दिसतो, पण त्यावर सुटी खडी असते आणि उतारावर चप्पल सरकते. त्यांना मागे पट्टा असलेली सँडल किंवा कॅनव्हासचे बूट घ्या, आणि निघायच्या आधी आठवडाभर शेतावर तेच घालून जाऊ द्या. साडीचा काष्टा मारत असतील तर उत्तमच. करवंदीच्या जाळ्या वाटेत आडव्या येतात आणि सैल पदर-ओढण्या अडकतात.

आता वाटेबद्दल. पॅराडाइज आणि हाफ मूनच्या मधला टप्पा सगळ्यात आडवळणी आहे. तिथे काही जागी दोन वाटा फुटतात. एक वर झाडीतून जाते, दुसरी खाली खडकांवरून. खालची जवळची वाटते, समुद्रही दिसत राहतो, म्हणून पोरांचे पाय तिकडेच वळतात. तुम्ही वरचीच धरा. खालच्या खडकांवर पांढरट, खरखरीत कालवांचा (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांचा) पट्टा दिसेल. नीट पाहिलंत तर त्याची वरची कड जवळपास एका सरळ रेषेत असते. तिथवर रोज भरतीचं पाणी येतं. त्या रेषेच्या खाली हिरवं शेवाळ असतं आणि त्यावर बूटही टिकत नाही. कालवाची कड तर ब्लेडसारखी कापते. नववीतल्या मुलाला ती रेषा दाखवून सांगा, की हिच्या खाली उतरायचं नाही. नुसतं 'खाली जाऊ नको' म्हटलं तर मुलं ऐकत नाहीत, रेषा दाखवली की ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

भरती-ओहोटीचं तुम्ही शाळेत शिकवतच असाल. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटं उशिरा. इकडे मुंबईएवढा पाण्याचा चढउतार नाही. तरी अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं, तेव्हा हाफ मूनची वाळू भरतीला बरीच आक्रसते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी तितकं चढत नाही आणि ओढही कमी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून अष्टमी-नवमीजवळचा शनिवार-रविवार निवडा. त्या दिवसाच्या नक्की वेळा मोबाइलवर मिळतात, कारवारच्या घ्या.

नाताळचा आठवडा मात्र नको. डिसेंबरच्या शेवटी गोव्यात न मावलेली गर्दी इकडे सरकते. खोल्यांचे भाव चढतात आणि ज्या रिकाम्या वाळूसाठी तुम्ही मुलांना नेताय ती रिकामी राहत नाही. संक्रांत झाल्यावरचा शनिवार-रविवार बघा. महाशिवरात्रीलाही नको, त्या दिवसांत गोकर्णात पाय ठेवायला जागा नसते. मार्चनंतर उकाडा सहन होत नाही, आणि जून ते सप्टेंबर या वाटेचं नाव काढू नका.

पाणी माणशी दोन लिटरपेक्षा कमी नको. हाफ मून किंवा पॅराडाइजवर काही मिळेल यावर विसंबू नका. कधी एखादा नारळवाला असतो, कधी कोणी नसतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा एवढं बरोबर असलं की पॅराडाइजच्या खडकाच्या सावलीत जी न्याहारी होते तिची सर कशालाच नाही. फक्त माकडं आहेत, पिशवीचं तोंड बांधून ठेवा. प्लास्टिक सगळं परत आणा. ओमपर्यंत कचरा उचलायला गाडी येते, त्याच्या पलीकडे कोण नेणार?

बुलेट_निपाणी

काकांचं बरोबर असेल, पण आमी गेल्तो ते उलटं. सकाळी देवदर्शन, मग कुडले, ओम असं करत संध्याकाळी पॅराडाइज. तिथला सूर्यास्त बघितला आणि होडीनं परत ओमला. लय भारी झालं. सकाळी पॅराडाइजला जाऊन काय बघणार? सूर्य तर डोंगराच्या मागं असतो.

नंदगडकर

सूर्यास्त सुंदर असतो, त्याबद्दल वाद नाही. पण तुमच्या सोबत तरणी पोरं होती, ताईंबरोबर सासूबाई आणि सहावीतलं मूल आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो आणि अर्ध्या तासात डोंगरावर मिट्ट काळोख. त्या वेळी होडी मिळाली नाही तर काय? मोबाइलची रेंज तिथे भरवशाची नाही. शिवाय वाऱ्याचा विचार करा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी शांत असतं. दुपारनंतर खारा वारा उठतो आणि लाटांना जोर चढतो. म्हणजे तुमची होडी दिवसातल्या वाईट वेळेला निघते, आणि शेवटची फेरी म्हणून तीत माणसंही जास्त भरतात. जीवरक्षक जाकीट सगळ्यांना पुरलं का, हे त्या अंधारात कोणी मोजत नाही.

आणि सकाळचं पॅराडाइज बघण्यासारखं नाही हे मला पटत नाही. डोंगराची सावली वाळूवर असते म्हणूनच तिथे नऊ-साडेनऊपर्यंत बसता येतं. सूर्यास्तच बघायचा तर कुडलेवर बघा. तोही पश्चिमेलाच तोंड करून आहे, आणि तिथून गाव अगदी जवळ.

कोडीबाग

नमस्कार, मी कारवारचा. कुर्मगडबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

कुर्मगडला जाता येतं, पण ते गोकर्णच्या वाटेत 'जाता जाता' होणारं काम नाही. त्याला वेगळा अख्खा दिवस द्या. आमच्या इथून, काळी नदीच्या मुखाकडून होडी करावी लागते. बेटावर नरसिंहाचं देऊळ आहे, यात्रा पौष पौर्णिमेला. मच्छीमारांच्या होड्या पताका लावून, सजवून निघतात, घरोघरची माणसं केळी-नारळ घेऊन जातात. आमच्यासाठी तो वर्षाचा मोठा दिवस.

पण त्याच यात्रेच्या दिवशी, २१ जानेवारी २०१९ ला, परतीची होडी उलटून १६ जण गेले. लहान मुलंही होती त्यात. किनाऱ्यावर आम्ही सगळे उभे होतो, ते लिहवत नाही. एवढंच सांगतो, की होडीत बसायच्या आधी प्रत्येकाच्या अंगात जाकीट चढवून बंद लावून घ्या. पायाखाली ठेवलेलं जाकीट कामाचं नाही. लहान मुलाला मोठ्याचं जाकीट चालत नाही, ते डोक्यावरून निघून जातं. त्याच्या मापाचं नसेल तर त्या होडीत बसू नका. नाखवा रागावला तरी चालेल. यात्रेच्या दिवशी बाहेरच्या माणसाने शक्यतो येऊच नये, साध्या दिवशी सकाळी या. संक्रांतीनंतर येणार असाल तर पौष पौर्णिमाही त्याच सुमारास असते, तारीख ठरवताना बघून घ्या.

कारवारकडून दिसणारं अंजदीव बेट नौदलाच्या ताब्यात आहे, तिथे जाता येत नाही. आरग्याला नौदलाचा तळ झाला तेव्हापासून आमचे बिणगे-आरग्याकडचे काही किनारेही गेले. माझ्या लहानपणी आम्ही तिथे पोहायचो.

होडी नको आणि तरी आडबाजूचा किनारा हवा, तर माजाळीला या. माजाळीच्या वाळूवरून उत्तरेला, गोव्याच्या हद्दीच्या दिशेने चालत जाऊन मधला डोंगर ओलांडला की तिळमाती. वाळू काळी, ओंजळीत घेतली की तिळाचेच दाणे वाटतात, आणि शेजारच्या किनाऱ्यावरची वाळू नेहमीच्या रंगाची. मुलांना हे बघायला आवडेल. चालणं थोडं आहे, सासूबाईंनाही सहज जमेल. मात्र तिथे लाटेला जोर आहे आणि किनारा लहान, म्हणून पोहायला उतरू नका.

येताना रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा असं आलात तर खानापूरहून तोच सरळ मार्ग. काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो, जंगल फार सुंदर. काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला कोसळला हे तुम्ही वाचलं असेलच. गोकर्ण-कारवारकडून सदाशिवगडाकडे, माजाळीला जायचं तर ती नदी ओलांडावी लागते. वाहतूक दुसऱ्या पुलावरून चालते, वेळेचा थोडा अंदाज ठेवा.

मलप्रभेकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. कुर्मगड या खेपेला नको असं ठरवलं. होडीचं वाचून नणंद घाबरली आणि मलाही ते पटलं. तिळमाती मात्र करणार. बेलेकानहूनच सुरुवात करू. नंदगडकर काका, दोन गोष्टी राहिल्या. पॅराडाइजवर तंबूत राहता येतं का, हे मुलं सारखं विचारतायत. आणि पोहण्याचं काय? नववीतला मलप्रभेत पोहतो, चांगला पोहतो, म्हणून तो समुद्रात जाणारच म्हणतो.

नंदगडकर

तंबूचं आधी. तो डोंगर, ती झाडी वनखात्याकडे येते. परवानगी विचारल्याशिवाय तिथे रात्र काढू नका. आणि मुलांबरोबर तर मी म्हणेन, विचारूही नका. रात्री कोणाच्या पोटात दुखलं तरी तिथून बाहेर काढायला अंधारातली तीच वाट. मुक्काम गोकर्णात किंवा कुडलेवर करा.

आता पोहण्याचं. हे जरा लांबण लागेल, पण वाचा.

मलप्रभेत पोहणाऱ्या मुलाला पाण्याची भीती नसते, आणि इथे तेच धोक्याचं. नदीची ओढ एका दिशेने असते आणि ती काठावरून दिसते. समुद्रात लाटा वाळूकडे येतात, पण ते सगळं पाणी परत कुठून तरी आत जायलाच हवं. ते एखाद्या पट्ट्यातून जोरात आत जातं. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, जरा गढूळ पाणी. नव्या माणसाला तीच जागा उतरायला चांगली वाटते. हाफ मून, पॅराडाइजसारख्या खडकांच्या मधल्या छोट्या खाचांत ही ओढ बहुतेक खडकाच्या कडेला असते.

म्हणून वाळूवर उतरल्यावर मुलांना पंधरा मिनिटं काही करू देऊ नका. नुसतं उभं राहून पाणी बघा. लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, फेस कुठून मागे सरकतो. मग त्यालाच विचारा, की कुठे उतरायचं नाही? तो बोट दाखवेल. शिकवणाऱ्या बाईंना मी काय सांगू, पण असं शिकलेलं पोरं विसरत नाहीत.

ओढीत सापडलंच कोणी तर किनाऱ्याकडे तोंड करून पोहायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलं की लाटाच परत आणतात. पोहवत नसेल तर पाठीवर तरंगून हात वर करायचा. आणि काठावरच्या माणसाने मागोमाग उडी मारायची नाही. रिकामा कॅन, दोर, जे हाताशी असेल ते टाकायचं. पाच लिटरचा एक रिकामा कॅन आणि दहा-बारा मीटर दोर माझ्या पिशवीत नेहमी असतो. तुम्हीही न्या.

हे सगळं सांगूनही माझं मत असं, की पॅराडाइज आणि हाफ मूनवर गुडघाभर पाण्याच्या पुढे कोणी जाऊ नये. जिथे रस्ता नाही तिथे जीवरक्षक नाहीत असंच धरून चाला. मुलाला पोहायचंच असेल तर कुडलेवर पोहू द्या. किनारा लांब आहे, लोक असतात, हाक मारली तर कोणी धावून येईल. ओमवर मधल्या खडकाच्या टोकावर फोटो काढायला चढू देऊ नका. एक मोठी लाट आली की पाय सुटतो.

दर्शनाचं राहिलं. देऊळ दुपारी बंद असतं. चालून आल्यावर आंघोळ करून संध्याकाळी जा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे. पुरुषांना शर्ट काढून धोतर नेसावं लागतं, मुलांसाठी एक-एक पंचा टाका पिशवीत.

एक जास्तीचं सुचवतो, दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर. तदडीला जा. तिथे अघनाशिनी समुद्राला मिळते. शिरसीकडून येणारी ही नदी, आणि हिच्यावर धरण नाही. २०२४ मध्ये या खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं. ओहोटीला गेलात तर गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) वेचणाऱ्या बायका दिसतील, पायानेच चाचपून काढतात. सासूबाईंना ते बघायला फार आवडेल, शेतात राबणाऱ्या बाईला त्या कामाची किंमत कळते. कन्नड तुम्हाला येतं, त्यांना कोकणीही येते, बोलणं अडणार नाही.

मलप्रभेकाठची

काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, देवळाआधी तदडी. तिथी बघितली, संक्रांतीनंतर अष्टमीजवळचा रविवार धरलाय. बूट उद्या बेळगावच्या बाजारातून आणते.

नंदगडकर

छान. रिक्षा आदल्या संध्याकाळीच ठरवा, पहाटे साडेपाचला निघायचं सांगा, आणि नंबर घेऊन ठेवा. बेलेकानला सोडायचं आहे हे दोनदा सांगा, नाहीतर पॅराडाइज म्हटलं की ओमला नेऊन सोडतात.